वादग्रस्त विषयावर पेपर लिहायचाय, लायब्ररीत नेमकं काय शोधू?

फाशीच्या शिक्षेवर लिहायचंय आणि नेटवर नुसती भांडणंच सापडतायत म्हणताय, तर आधी कॉलेज लायब्ररीच्या लॉगिनने जेस्टोर किंवा प्रोक्वेस्ट (शोधनिबंधांचे ऑनलाइन साठे) उघडतंय का बघा, बाहेर पैसे मागतात ते पेपर कॉलेजने भरलेल्या वर्गणीत फुकट वाचता येतात. खरी गोम सर्चच्या शब्दांत आहे. ‘फाशी क्रूर का’ असं टाकलंत तर एकाच बाजूचं येणार, त्यापेक्षा ‘कॅपिटल पनिशमेंट’ अवतरणचिन्हांत, मग अँड, मग ‘डिटरन्स’ (शिक्षेच्या धाकाने गुन्हे टळणं) असं टाका (स्पेलिंग अर्थात इंग्रजीत) आणि प्रोक्वेस्टमध्ये पीअर रिव्ह्यूडवर, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांवर, टिक करा. एक बरा पेपर हाती लागला की त्याची संदर्भयादी चाळा, अर्धं काम तिथेच होतं. उदा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा २०१२ चा रिपोर्ट, त्यात सरळ म्हटलंय की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही हे आतापर्यंतच्या अभ्यासांवरून सांगता येत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे छातीठोक आकडे जरा जपूनच वापरा. आणि ग्रंथपालांना विचारायला लाजू नका हो, त्यांना तुमच्या मताशी काही देणंघेणं नसतं, आपल्याकडे नसलेलं पुस्तक कित्येकदा ते दुसऱ्या लायब्ररीतूनही मागवून देतात.