मुस्लिम देशांत स्त्रिया पंतप्रधान झाल्या, मग तिथे स्त्रियांना राजकीय हक्क नाहीत असे का म्हटले जाते?

पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो, बांगलादेशच्या खालिदा झिया आणि शेख हसीना या पंतप्रधानांची आणि इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेगावती सुकर्णोपुत्री यांची नावे देऊन आपण विचारले आहे की, जिथे स्त्री देशाच्या सर्वोच्च पदावर बसली तिथे तक्रारीला जागा कुठे उरते. माझ्या मते ही चार नावे या प्रश्नाचा निकाल लावायला फारशी उपयोगी नाहीत. चौघींच्याही मागे देशाची सत्ता हाती घेतलेला पिता किंवा पती होता, आणि घराण्याचा वारसा चालवणारी लेक किंवा सून पक्षाला चालते, म्हणून सामान्य घरातल्या बाईला उमेदवारी मिळतेच असे नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

शिवाय ‘मुस्लिम देश’ असा एक गठ्ठा बांधून उत्तर देता येत नाही. तुर्कस्तानातल्या स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क 1934 मध्ये मिळाला, म्हणजे फ्रान्सच्याही दहा वर्षे आधी. कुवेतमध्ये तोच हक्क मिळायला 2005 उजाडले. त्याच तुर्कस्तानात 1999 मध्ये निवडून आलेल्या मेर्वे कावाकची यांना डोक्यावर रुमाल आहे म्हणून खासदारकीची शपथ घेऊ दिली गेली नाही, आणि ती अडवणूक करणारे धर्मनिरपेक्षतेचे कैवारी होते. तेव्हा केवळ धर्माकडे बोट दाखवून भागत नाही. कायदा कोणी केला, निवडणुकीची पद्धत कोणती आणि स्त्रीची जागा शेवटी कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे पाहावे लागते. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बांगलादेशचे उदाहरण घ्या. तिथल्या संसदेत थेट निवडणुकीच्या 300 जागा आहेत आणि त्यांवर स्त्रियांसाठी राखीव जागांचा वेगळा थर आहे. 1973 मध्ये या जागा 15 होत्या, त्या वाढत वाढत 2011 मध्ये 50 झाल्या. परंतु त्या भरण्यासाठी मतदार मतपेटीपर्यंत जातच नाही. निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येच्या प्रमाणात त्या पक्षांना वाटल्या जातात आणि पक्षाने ठरवलेली नावे बहुधा बिनविरोध येतात. अशा सदस्येला स्वतःचा मतदारसंघ नसतो, त्यामुळे तिच्या मागे मतदार नसतात आणि पुढच्या वेळी तिचे काय होणार हे पक्षश्रेष्ठी ठरवतात.

याउलट त्याच देशात युनियन परिषदेत, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेत, 1997 पासून स्त्रियांच्या राखीव जागांवर थेट मतदान होते. नऊ वॉर्डांचे नऊ सर्वसाधारण सदस्य आणि दर तीन वॉर्डांमागे एक स्त्री सदस्य, अशी ती रचना आहे. मतदारांसमोर जाऊन, प्रचार करून निवडून आलेल्या हजारो स्त्रिया या वाटेने राजकारणात आल्या. मात्र इथेही एक मेख आहे. तिचे क्षेत्र तिप्पट असते आणि तरीही त्यातल्या प्रत्येक वॉर्डात एक सर्वसाधारण सदस्य आधीच बसलेला असतो, त्यामुळे निधी आणि कामे यांच्या वाटपात आपल्याला डावलले जाते ही या स्त्रियांची जुनी तक्रार आहे. आपल्याकडच्या पंचायत राज्यात राखीव जागा मूळ जागांमधूनच काढलेल्या असतात, वरून जोडलेल्या नसतात. कितीही ‘सरपंचपती’ मिरवोत, हा फरक लहान नाही.

पाकिस्तानात 2002 पासून राष्ट्रीय सभेत स्त्रियांसाठी 60 राखीव जागा आहेत आणि त्याही पक्षांच्या याद्यांमधूनच भरल्या जातात. तरी त्यांना शोभेच्या जागा म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल, कारण अॅसिड हल्ल्यांना कठोर शिक्षा देणाऱ्या 2011 च्या कायद्यामागचे विधेयक मांडणाऱ्या मारवी मेमन राखीव जागेवरच्याच सदस्य होत्या. तिथली खरी दुखरी बाजू मतदानाची आहे. 2015 मध्ये खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या लोअर दीर भागात झालेल्या एका पोटनिवडणुकीत एकाही स्त्रीने मत दिले नाही. मतदारयादीत स्त्रियांची हजारो नावे होती, परंतु त्यांनी घराबाहेर पडू नये असा समझोता स्थानिक पुरुषांनी पक्षभेद विसरून केल्याचे आरोप झाले. (एरवी या पक्षांचे कशावरही एकमत होत नाही.) त्यानंतर 2017 च्या निवडणूक कायद्यात अशी तरतूद आली की, एखाद्या मतदारसंघात झालेल्या एकूण मतदानात स्त्रियांची मते 10 टक्क्यांहून कमी असतील, तर निवडणूक आयोग तिथली निवडणूक रद्द करू शकतो. पुढच्याच वर्षी शांगला जिल्ह्यातल्या एका जागेचा निकाल याच कारणाने रद्द झाला आणि फेरमतदान घ्यावे लागले. मला ही तरतूद राखीव जागांपेक्षाही मोलाची वाटते, कारण स्त्रियांना घरी ठेवण्याचा तोटा तिने प्रथमच उमेदवारांच्या पदरात टाकला.

आकडेवारी पाहताना आखाती देशांबाबत विशेष सावध राहावे. संयुक्त अरब अमिरातीच्या 40 सदस्यांच्या राष्ट्रीय परिषदेत 2019 पासून निम्म्या स्त्रिया आहेत, परंतु ती परिषद मुख्यतः सल्ला देणारी आहे, तिचे निम्मे सदस्य नेमलेले असतात आणि ही समानताही राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आली. कुवेतमध्ये मात्र संसदेचे 50 सदस्य खुल्या लढतीतून निवडले जात आणि मंत्र्यांना धारेवर धरत. तिथे 2006 आणि 2008 मध्ये एकही स्त्री जिंकली नाही, 2009 मध्ये चौघी जिंकल्या आणि 2020 मध्ये पुन्हा एकही नाही. संसदेतल्या स्त्रियांच्या प्रमाणाच्या जागतिक क्रमवारीत अमिराती कुवेतच्या कितीतरी वर दिसे. हक्कांच्या हिशेबात मी 2009 च्या त्या चौघींना अधिक वजन देईन. अर्थात मे 2024 मध्ये अमीरांनी ती संसदच विसर्जित करून राज्यघटनेची काही कलमे स्थगित केली, त्यामुळे कुवेतमध्ये आज स्त्रियांच्या मताइतकेच पुरुषांचे मतही निरुपयोगी आहे.

निवडणुकीची पद्धत बदलली की काय होते, हे ट्युनिशियात सर्वांत स्पष्ट दिसते. 2011 च्या क्रांतीनंतर तिथे प्रत्येक पक्षाच्या यादीत स्त्री आणि पुरुष यांची नावे आळीपाळीने असणे बंधनकारक झाले. तरी बहुतेक याद्यांत पहिले नाव पुरुषाचे असे, आणि छोट्या पक्षाला एकच जागा मिळाली की ती त्या पहिल्या नावालाच जाई. ही पळवाट बुजवण्यासाठी 2018 च्या नगरपालिका निवडणुकीत पक्षाच्या निम्म्या याद्यांच्या शिरोभागी स्त्रिया हव्यात असा नियम आला; निवडून आलेल्यांत सुमारे 47 टक्के स्त्रिया होत्या, आणि राजधानी ट्युनिसच्या महापौरपदी एन्नाहदा या इस्लामी विचारांच्या पक्षाच्या सुआद अब्दुर्रहीम बसल्या. 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी याद्यांची पद्धत मोडून एकेका उमेदवाराची लढत आणली, तसा समानतेचा नियमही गेला. 2014 च्या संसदेत जवळपास 31 टक्के असलेल्या स्त्रिया नव्या संसदेत सुमारे 16 टक्क्यांवर आल्या, आणि या आठ-नऊ वर्षांत देशाचा धर्म काही बदललेला नव्हता.