गिअर सुटतोय म्हणून ट्रॅक्टर बदलायचा का?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांनी विचारलं आहे : "वडिलांनी १९९१ साली घेतलेला मॅसी १०३५ ट्रॅक्टर अजून चालतोय, पण कांद्याची ट्रॉली भरली की दुसरा गिअर सुटतो. मिस्त्री ७५ हजार सांगतो. शोरूमवाले जुना ९० हजारांना घेतात, वर साडेपाच लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी, पाच वर्षं, सहामाही हप्ता. शेती सहा एकर. बाहेरच्या कामातून डिझेल वजा जाता वर्षाला ६० हजार सुटतात. काय करू?"

दादा, आधी हप्ता बघू. तुम्ही दिलेल्या आकड्यांनी सहामाही हप्ता ७८ हजार ३०० च्या आसपास येतो, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर. त्यातले ६० हजार बाहेरच्या कामातून भरले, तरी ९६ हजार तुमच्या कांद्यातून निघायला हवेत, भाव पडला त्या वर्षीसुद्धा. लासलगावचा भाव हप्त्याची तारीख बघून ठरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाच वर्षांत नुसतं व्याजच २ लाख ३३ हजार होतं.

म्हणून माझं मत दुरुस्तीकडे झुकतं. पण मिस्त्रीचे ७५ हजार मी जसेच्या तसे धरणार नाही, कारण गिअरबॉक्स न उघडता सांगितलेला आकडा हा अंदाजच असतो.

या जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर स्वतः शाफ्टवर सरकून दुसऱ्याच्या दातांत शिरतो. क्लच पूर्ण न सुटता गिअर टाकला, की दातांची टोकं एकमेकांवर घासतात. अशी वर्षानुवर्षं झीज झाली की दात टोकाला निमुळते होतात आणि ओझं आलं की गिअर बाहेर ढकलला जातो. पण गिअर सुटण्याचं कारण नेहमी दातच असतील असं नाही. गिअर सरकवणारा फोर्क झिजलेला असतो, गिअर अडकवून धरणारी स्प्रिंग मऊ पडलेली असते, बेअरिंगमध्ये खेळ आलेला असतो. ही कामं स्वस्तात होतात. दात गेले असतील तर मात्र कंजूषी नको. दातावरचा कडक थर जेमतेम मिलिमीटरभर असतो, तो निघाला की आतलं लोखंड भराभर झिजतं. जोडीतला एकच गिअर नवा टाकला तर जुना दात नव्यालाही खातो. बदलायचा तर जोडीनेच बदला.

मिस्त्रीला आधी ऑईल काढायला सांगा आणि तेव्हा स्वतः तिथे उभे राहा. तळाला बारीक काळा गाळ असेल तर काळजी नाही. नखाएवढे चकाकते तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि या ट्रॅक्टरच्या, अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंपही त्याच ऑईलवर चालतो, तेव्हा तोही तपासून घ्या. गिअरबॉक्ससाठी ट्रॅक्टर मध्यभागी खोलून दोन भाग केलेच आहेत तर क्लच प्लेट आणि सील त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी दुसऱ्यांदा पडणार नाही. बिल पक्कं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सच्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

तुमची जमेची बाजू म्हणजे मॅसीचे भाग मिळतात. पिंजोरचा कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं ठरलेल्या एचएमटी ट्रॅक्टरबद्दल हाच प्रश्न असता, तर मी इतक्या सहज 'दुरुस्त करा' म्हटलं नसतं.

पैशाची सोय किसान क्रेडिट कार्डातून बघा. पीककर्जाच्या मर्यादेत शेतीच्या अवजारांच्या देखभालीसाठी २० टक्के वाढीव रक्कम धरलेली असते. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज ४ टक्के पडतं. सोनं गहाण ठेवू नका. शिवाय दरवर्षी २५ हजार वेगळे काढा, कारण गिअरबॉक्स झाला की पुढे लिफ्ट किंवा इंजिन काम काढणारच. मिस्त्रीचे ७५ हजार आणि पाच वर्षांचे हे सगळे धरून दोन लाख होतात. नव्याला पाच वर्षांनी तीन लाख किंमत येईल असं धरलं, तरी हप्ते आणि हातचा गेलेला जुना ट्रॅक्टर मिळून तो पावणेसहा लाखांना पडतो. दुरुस्तीवर घातलेले पैसे विकताना मिळणार नाहीत, हे खरं. तुम्ही ते विकायला नाही, वापरायला घालताय.

माझी मर्यादा सव्वा लाख. क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारी गिअरची जोडी) गेलं असेल किंवा हौसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडा असेल आणि खर्च त्यापुढे जात असेल, तर थांबा. मग कोरा नव्हे, पाच-सात वर्षं वापरलेला ट्रॅक्टर बघा आणि घेण्याआधी आरसी, विमा तपासा. बाहेरचं काम वर्षाला दीड लाखाच्या वर गेलं, तर नव्याचा विचार पुन्हा करता येईल.

आणि काम होईपर्यंत ट्रॉली जोडू नका. उतारावर गिअर सुटला की इंजिनचा रोध जातो, भरलेली ट्रॉली नुसत्या ब्रेकवर येते. या हंगामाचा कांदा भाड्याच्या गाडीने पाठवा, तो खर्च दुरुस्तीतच धरा.