डीजेच्या धडधडाटापलीकडचं प्रयोगशील क्लब म्युझिक ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

जेलिनपासून करा. अमेरिकेतल्या गॅरी शहरातली ही बाई पोलाद कारखान्यात नोकरी करत ट्रॅक बनवायची. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतल्या पोरांना हे लगेच पटतं बघा. तिचा पाया शिकागोचं फुटवर्क, म्हणजे वेगवान पावलांच्या नाचाचं संगीत: मिनिटाला साधारण १६० ठोके, पण किक (ड्रमचा खोल ठोका) कुठं पडेल याचा नेम नाही. तिचा २०१७ चा ‘ब्लॅक ओरिगामी’ हा अल्बम हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा बेस गायबच होतो.

मग सोफी, इलेक्ट्रॉनिक पॉप संगीत बनवणारी कलाकार. तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले आवाज) उचलण्यापेक्षा सोफीनं सिंथेसायझरवर रबर ताणल्यासारखे, पत्रा आपटल्यासारखे आवाज मुळापासून घडवले. साउंड डिझाइन म्हणजे काय ते इथं कळतं.

तसं ते कोल्हापूरकरांना नवीन नाही म्हणा. कुस्तीच्या मैदानाकडेला हलगीवाला जाळावर हलगी शेकतो; चामडं ताणलं की ‘धप्प’चा ‘कडाड’ होतो. वेगळं काय आहे त्यात? मी ते फोनवर रेकॉर्ड केलं, एकेका ठोक्याचे २०-३० मिलिसेकंदांचे तुकडे केले आणि उलटेसुलटे पेरले. याला ग्रॅन्युलर सिंथेसिस म्हणतात. शेजारच्या काकूंनी विचारलं, “मिक्सर बिघडला काय रे?”