वाचकांचे प्रश्न : ज्याला कोणी निवडले नाही, त्यालाच पदक कसे?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान म्हणजे ब्राउनलो पदक. 2014 साली ते मॅट प्रिडिस या खेळाडूला मिळाले, आणि त्याच खेळाडूकडे आधी सगळ्या व्यावसायिक क्लबांनी पाठ फिरवली होती, असे वाचनात आले. प्रत्येक क्लबाकडे खेळाडू हेरणारी अनुभवी माणसे असतात, चाचण्या घेतल्या जातात, चित्रफिती पुन्हापुन्हा पाहिल्या जातात. मग एकच चूक सगळ्यांच्या हातून एकाच वेळी कशी झाली? की पदक मिळणे हाच नशिबाचा भाग होता?

उत्तर : नशिबाची शंका आधी निकालात काढू. ब्राउनलो पदक एखाद्या अंतिम सामन्यातील पराक्रमासाठी दिले जात नाही. जिलाँग क्लबाचे चार्ल्स ब्राउनलो यांच्या स्मरणार्थ 1924 पासून देण्यात येणाऱ्या या पदकासाठी साखळीतील प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच एकत्र बसतात आणि तीन खेळाडूंना अनुक्रमे 3, 2 आणि 1 अशी मते देतात. मोसम संपल्यावर या मतांची बेरीज होते. 2014 मध्ये प्रिडिसला 26 मते पडली. फ्रीमँटलच्या नॅट फाइफला 25 मते होती, परंतु पदक ‘सर्वांत सभ्य आणि सर्वोत्तम’ खेळाडूसाठी असल्यामुळे त्या वर्षी निलंबनाची शिक्षा झालेला फाइफ मुळातच अपात्र होता. प्रिडिसला पदक या अपात्रतेमुळे मिळाले, असे सांगणारे अधूनमधून भेटतात. त्यांनी 26 आणि 25 हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत.

आता चुकीविषयी. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक क्लब नवे खेळाडू प्रामुख्याने ‘ड्राफ्ट’मधून घेतात. 1986 पासून चालत आलेल्या या पद्धतीत मोसम संपल्यावर क्लब पाळीपाळीने खेळाडूंची नावे उच्चारतात आणि गुणतक्त्यात तळाशी राहिलेल्या क्लबाला पहिली पाळी मिळते. निवडली जाणारी बहुतेक मुले जेमतेम अठरा वर्षांची असतात. म्हणजे क्लब विकत घेतो ते मुलाचे आजचे कौशल्य नव्हे, तर पाच-सात वर्षांनंतरचा एक अंदाज. अंदाज करायचा म्हटले की माणूस मोजता येईल त्याला धरून बसतो. वीस मीटर धावायला किती वेळ लागला, जागेवरून उडी किती उंच गेली, अडथळ्यांमधून वळताना चपळाई कितपत दिसली, दम किती टिकला, उंची किती भरली, हे सगळे कागदावर मांडता येते. या कागदावर प्रिडिस मागे पडत होता. तो वेगवान नव्हता आणि त्याच्या पायातून जाणारा चेंडूही डोळ्यांत भरावा असा जात नसे.

परंतु तो ज्या कामात निष्णात होता, त्या कामासाठी कागदावर रकानाच नव्हता. हा खेळ लंबगोल मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो. चेंडू दोन्ही टोकांनी निमुळता असल्यामुळे जमिनीवर आपटला की कोणत्या बाजूला उसळेल, याचा नेम नसतो. पंच चेंडू उंच उडवतात, दोन उंच खेळाडू हवेत झेपावतात, आणि चेंडू खाली येतो तेव्हा त्याभोवती आठ-दहा जणांचे कडे पडलेले असते. त्या कड्याच्या तळाशी वाकून, अंगावर दोघे-तिघे असताना चेंडू उचलायचा आणि मुठीच्या ठोशाने तो मोकळ्या सहकाऱ्याकडे सरकवायचा, हे प्रिडिसचे काम होते. येथे वीस मीटर धावण्याची वेळ येतच नाही. धावायचे असते दीड-दोन पावले, पण ती इतरांना सुचण्याआधी टाकावी लागतात. सरळ रेषेत, घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत ही दीड पावले कशी दिसणार? त्या काळच्या सोळाही क्लबांकडे थोड्याफार फरकाने हीच मोजपट्टी होती, त्यामुळे चूकही सर्वांची एकच झाली. सोळा जणांनी स्वतंत्रपणे विचार करून त्याला नाकारले, असे म्हणण्यापेक्षा एकाच विचाराने त्याला सोळा वेळा नाकारले, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

मार्च 1985 मध्ये जन्मलेला हा मुलगा मुख्य ड्राफ्टमध्ये नाव न आल्यामुळे पर्थमध्येच राहिला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमधील सुबियाको या क्लबाकडून खेळत राहिला. अखेर त्याच शहरातील वेस्ट कोस्ट ईगल्स या व्यावसायिक क्लबाने 2006 च्या मोसमासाठी त्याला ‘रूकी’ म्हणून घेतले. 1997 पासून सुरू झालेली रूकी यादी म्हणजे मुख्य यादीला जोडलेले एक परिशिष्ट. मानधन कमी, शाश्वती जवळजवळ नाही, आणि त्या काळी मुख्य यादीत जागा मिळाल्याशिवाय क्लबाकडून मैदानात उतरताही येत नसे. 2006 मध्ये प्रिडिसने वेस्ट कोस्टकडून पदार्पण केले खरे, परंतु ईगल्सच्या संघात स्थान नसे त्या आठवड्यांत तो सुबियाकोकडून खेळे. त्याच वर्षी राज्य लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे सँडओव्हर पदक त्याने पटकावले.

प्रश्न : राज्याचे सर्वोच्च पदक 2006 मध्ये आणि देशाचे 2014 मध्ये. मधली आठ वर्षे कशात गेली? मोठे खेळाडू क्लब सोडून गेले म्हणून त्याला जागा मिळाली, हे खरे आहे का?

उत्तर : हे खरे आहे आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. 2006 मध्ये वेस्ट कोस्टच्या मधल्या फळीत 2004 चा ब्राउनलो विजेता ख्रिस जड होता, 2005 चा ब्राउनलो विजेता बेन कझिन्स होता आणि त्यांच्या जोडीला डॅनियल कर होता. एवढी बळकट मधली फळी त्या काळात दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल. अशा संघात परिशिष्टातून आलेल्या मुलाने जागा मागायची तरी कोणाची? 2007 चा मोसम संपल्यावर जड मेलबर्नच्या कार्लटन क्लबाकडे गेला, कझिन्सही क्लबाबाहेर पडला, आणि चेंडूभोवतीच्या कड्यात शिरण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात प्रिडिसच्या खांद्यावर आली.

मात्र रिकाम्या झालेल्या जागेबरोबर पडता काळही वाट्याला आला. 2008 मध्ये वेस्ट कोस्ट सोळा संघांत पंधरावा आला आणि 2010 मध्ये थेट तळाला गेला. हरणाऱ्या संघातील मधल्या फळीच्या खेळाडूकडे फार कोणाचे लक्ष जात नाही. त्यातही तो आडदांडपणे चेंडू खणून काढणारा असेल, तर दूरचित्रवाणीवर त्याचे डोके तेवढे दिसते. प्रिडिसच्या बाबतीत ते कुरळ्या सोनेरी केसांचे होते, म्हणून निदान ओळखू तरी येत असे. पुढच्याच वर्षी संघ सावरला, आणि 2013 मध्ये क्लबाने आपला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड केली.

2014 चे वर्ष तर फारच विलक्षण आहे. त्या वर्षी क्लबाचा अंतर्गत पुरस्कार प्रिडिसला नव्हे, तर बचावफळीतील एरिक मॅकेन्झीला मिळाला. देशभरातील सर्वोत्तम खेळाडूंचा जो ‘ऑल ऑस्ट्रेलियन’ संघ दरवर्षी जाहीर होतो, त्यातही प्रिडिसचे नाव नव्हते; ते आले त्याच्या पुढच्या वर्षी, 2015 मध्ये. म्हणजे निवड समितीला तो देशातील पहिल्या बावीस जणांत वाटला नाही, स्वतःच्या क्लबाला तो पहिल्या क्रमांकाचा वाटला नाही, आणि पंचांनी मात्र त्याला संपूर्ण स्पर्धेत पहिला ठरवले. पंचांची मते मधल्या फळीच्या खेळाडूंकडे झुकतात, ही तक्रार जुनी आहे आणि निराधारही नाही. तरीही मला या मतमोजणीकडे दुसऱ्या बाजूने पाहावेसे वाटते. चेंडूभोवती कडे पडते तेव्हा पंच त्यापासून काही पावलांवर उभा असतो. तळातून चेंडू कोणाच्या हातातून बाहेर आला, हे प्रेक्षकाला आणि कॅमेऱ्याला अनेकदा कळत नाही. ते पंचाला कळते. ज्या कामासाठी चाचणीच्या कागदावर रकाना नव्हता, ते सर्वांत जवळून पाहणाऱ्यांनीच त्या कामाला मत दिले.

प्रश्न : अशा कथा सांगताना आपण यशस्वी झालेलाच माणूस निवडतो. नाकारले गेलेले आणि नाकारलेलेच राहिलेले हजारो असतील. मग प्रिडिस हा अपवाद मानायचा की नियम?

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे. नाकारले गेलेल्यांपैकी बहुतेकांना क्लबांनी योग्य कारणानेच नाकारलेले असते, आणि जिद्द धरली की पदक मिळतेच असे मी येथे सुचवू इच्छित नाही. परंतु प्रिडिस एकटाही नाही. त्याच्याच क्लबातील डीन कॉक्स हा उंचपुरा खेळाडू 2000 च्या रूकी ड्राफ्टमधून आला, 290 सामने खेळला आणि सहा वेळा ऑल ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला. सॅम मिचेलला 2000 च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही. उंची बेताची आणि वेग कमी, असे आक्षेप त्याच्यावरही होते. तो एक वर्ष बॉक्स हिलकडून खेळला, 2001 मध्ये हॉथॉर्नने त्याला 36 व्या क्रमांकावर घेतले, 2008 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली हॉथॉर्नने विजेतेपद मिळवले, आणि 2012 च्या मूळ विजेत्याचे पदक परत घेतले गेल्यावर ते 2016 मध्ये मिचेल आणि ट्रेंट कॉचिन यांना विभागून देण्यात आले.

या तिघांत मला एक समान धागा दिसतो, तो म्हणजे दुसरे दार. रूकी यादी नसती आणि राज्य लीगचा दर्जा टिकून नसता, तर अठराव्या वर्षी केलेला अंदाज हाच अखेरचा निकाल ठरला असता. क्लबांनाही हे उमगले असावे, कारण 2019 पासून मोसमाच्या मध्यावर आणखी एक ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षी त्यातून रिचमंडने 27 वर्षांच्या मार्लियन पिकेटला घेतले, त्याचे पदार्पण थेट अंतिम सामन्यात झाले, आणि तो सामना रिचमंडने 89 गुणांनी जिंकला.

प्रश्न : प्रिडिसला संघाचे विजेतेपद मिळाले का?

उत्तर : नाही. 2006 मध्ये वेस्ट कोस्टने सिडनीला अवघ्या एका गुणाने हरवले, तेव्हा तो अंतिम संघात नव्हता. 2015 चा अंतिम सामना तो खेळला, परंतु हॉथॉर्नने तो 46 गुणांनी जिंकला आणि विजयी संघात सॅम मिचेल होता. 2017 मध्ये मिचेल वेस्ट कोस्टकडे आला. ड्राफ्टने एकेकाळी नाकारलेले दोन ब्राउनलो विजेते एक मोसम एकाच मधल्या फळीत खेळले आणि मोसमाअखेर दोघेही निवृत्त झाले. प्रिडिसचे तोपर्यंत 240 सामने झाले होते. पुढच्याच वर्षी वेस्ट कोस्टने कॉलिंगवूडला पाच गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले.