शीर सापडेना, तेव्हा सोनोग्राफी

प्रश्न : अपघातानंतर भावाला तातडीने ऑपरेशनला घेतलं. हाताला पाच-सहा ठिकाणी टोचून झाल्यावर सोनोग्राफी मशीन आणलं. आधीच का नाही?

रक्तस्रावात शरीर उरलेलं रक्त मेंदू-हृदयासाठी राखतं आणि हातापायांच्या शिरा आक्रसतात. बोटाला काहीच लागत नाही. माझं मत विचाराल तर दोन प्रयत्न फसले की मशीन मागवावं. चुकलेल्या प्रत्येक टोचणीत एकेक शीर बाद होत जाते.

प्रश्न : मी इंटर्न आहे. पडद्यावर शीर कुठली, धमनी कुठली? सुई दिसूनही रक्त येत नाही, असं का?

प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) हलकेच दाबा. शीर मिटते, धमनी ठोके देत उघडी राहते. पण शॉकमधल्या (रक्तदाब कोसळलेल्या) पेशंटची शीर प्रोबच्या नुसत्या वजनानेही मिटते, आणि मग ‘इथे शीरच नाही’ असं वाटतं. जेल भरपूर घ्या, करंगळी पेशंटच्या अंगावर टेकवा, प्रोब तरंगता ठेवा. मानेत टोचायचं असेल तर डोक्याकडची बाजू खाली करा, शीर फुगते (डोक्याला मार असेल तर मात्र नको).

आता सुई. आडव्या छेदात (शीर पडद्यावर गोल दिसते तेव्हा) दिसणारा पांढरा ठिपका टोकाचाच असेल असं नाही, सुईच्या दांडीचाही तस्साच दिसतो. टोक एव्हाना शिरेची मागची भिंत फोडून गेलेलं असतं. म्हणून प्रोब पुढे सरकवून ठिपका घालवा, मग तो पुन्हा उगवेपर्यंत सुई पुढे न्या. असं मिलिमीटर-मिलिमीटरने. ठिपका शिरेच्या काळ्या गोलात आला तरी लगेच थांबू नका, आणखी थोडं आत जाऊ द्या.

प्रश्न : मानेतल्या सेंट्रल लाईनमधून (मानेच्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेल्या नळीतून) रक्त भराभर चढतं ना, सर? (एक सिस्टर)

नेहमीच्या तीन तोंडांच्या लाईनमधून नाही. ती लांब आणि बारीक. नळीची त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळापट होतो, लांबी वाढली की घटतो. हातातली आखूड, करड्या रंगाची १६ नंबरची कॅन्युला (शिरेत ठेवायची छोटी नळी) तिला सहज मागे टाकते. दंडातल्या खोल शिरेत मात्र लांब कॅन्युलाच हवी. आखूड असली तर हात हलताच निसटते आणि रक्त मांसात उतरतं.

प्रश्न : तालुक्याला माझं छोटं सर्जिकल हॉस्पिटल आहे. फक्त शिरेसाठी मशीन घ्यायचं, तरी नोंदणी लागेल?

लागेल. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकताच येत नाही. कागदपत्रं होईपर्यंत गुडघ्याखालच्या हाडात घालायची सुई ट्रॉलीत ठेवा, शीर नाहीच मिळाली तर तिच्यातून सलाईन-रक्त देता येतं. मशीन आल्यावरही ती काढू नका.