आठच्या दोन की सोळाची एक?

या अंकात स्वतः पीसी जुळवणाऱ्या वाचकांची पत्रं घेतली आहेत.

मॉनिटर सोडून बजेट ६० हजार. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ रोज, जमलं तर सायबरपंक २०७७. दुकानदार म्हणतो, ‘डीडीआर५ रॅम घ्या, पुढं अपग्रेड होतं. आत्ता १६ जीबीची एकच स्टिक टाका, दुसरी नंतर बघू.’ ऐकावं का? – एक वाचक, लातूर

या बजेटात नका ऐकू. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआय डेटा सेंटरांकडं वळवलाय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये आपला ग्राहकांसाठीचा ‘क्रूशियल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आधीच्या पिढीची डीडीआर४ही महागलीय, पण डीडीआर५ घेतली की बोर्ड आणि प्रोसेसरही त्याच वर्गातले घ्यावे लागतात आणि ग्राफिक कार्डाचे पैसे तिथंच संपतात. गेमिंगच्या पीसीत सगळ्यात शेवटी काटछाट करायची ती कार्डात.

‘नंतर बघू’ तर त्याहून महाग पडतं. डीडीआर४-३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा नेते. दोन लावल्या की ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) होऊन ५१.२. डीडीआर५-५६००ची एकटी स्टिक ४४.८वरच थांबते. म्हणजे ‘जुन्या’ रॅमची जोडी नव्या एकट्या स्टिकच्या पुढं जाते. हे कागदावरचे आकडे आहेत, फ्रेम तेवढ्या पटीत वाढत नाहीत; पण एका स्टिकवर खेळताना मधूनच जे अडखळतं, ते जोडीवर बरंच कमी होतं. शिवाय सहा महिन्यांनी त्याच नावाची दुसरी स्टिक आणली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. मग दोन्ही हळू स्टिकच्या वेगानं चालतात, नाहीतर पूर्ण वेगाला पीसी सुरूच होत नाही. म्हणून एकाच पाकिटातली ८+८ घ्या. सायबरपंकची शिफारस १६ जीबीचीच आहे.

लेबलवर ३२००च्या शेजारी सीएल बघा; डेटा मागितल्यावर तो यायला किती ठोके लागतात त्याचा हा आकडा. सीएलला २०००नं गुणून वेगानं भागलं की विलंब नॅनोसेकंदात मिळतो: सीएल१६ला १०, सीएल२२ला १३.७५. भावात थोडाच फरक असेल तर सीएल१६ घ्या. आरजीबी दिव्यांच्या रॅमला जादा पैसे देण्यात काही अर्थ नाही.

बाकी जुळणी अशी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). पैसे कमी पडले तर बी५५०ऐवजी ए५२० बोर्ड घ्या; ६६०० त्यावर नीट चालतं. ‘त्यापेक्षा ६५०० एक्सटी घ्या, स्वस्त आहे’ असं कुणी म्हटलं तर थांबा. त्या कार्डाला चारच लेन (डेटा नेण्याच्या वाटा) आहेत. ए५२०च्या जुन्या पीसीआय ३ स्लॉटवर त्या अर्ध्या वेगानं चालतात आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम ठेचकाळतो. आणि ५६००ला स्वतःचं ग्राफिक नाही; कार्ड लावल्याशिवाय डिस्प्ले येणार नाही, घाबरू नका.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावलेल्या दोन स्टिका सिंगल चॅनलच राहतात. असेंबलीच्या दुकानांतही ही चूक सापडते.

रॅमवर ३२०० छापलंय, टास्क मॅनेजर २४०० दाखवतो आणि सीपीयू-झेड तर १२००. माल नकली आहे का? – एक वाचक, सेलू, जि. परभणी

बहुतेक नाही. सीपीयू-झेड घड्याळाचा वेग दाखवतं. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून १२००चे २४०० झाले. आणि ३२०० हा वेग बऱ्याच स्टिकांवर आपोआप लागत नाही, तो चालू करावा लागतो. पीसी सुरू होताना डिलीट की दाबत राहा, बायॉसमध्ये एक्सएमपी ही छापलेला वेग लावणारी सेटिंग (असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी) चालू करा, एफ१० दाबून सेव्ह करा.

स्क्रीन काळीच राहिली तर दोन-तीन मिनिटं हात लावू नका. बरेच बोर्ड स्वतःच जुन्या सेटिंगवर परततात. नाहीच आलं तर वायर काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. पीसी सुरू झाल्यावर पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावा, चारही फेऱ्या होऊ द्या. एक जरी एरर आली तरी ती सेटिंग सोडा. ‘एकच तर आहे’ म्हणून चालवलं की विंडोज आणि गेमच्या फायली हळूहळू खराब होतात आणि दोष हार्ड डिस्कवर जातो.

एच४१० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर मात्र २६६६ हीच हद्द. तिथं एक्सएमपीचा उपयोग नाही.

५६००जीवर १६ जीबी टाकली, विंडोज १३.९च वापरता येते म्हणतं. – एक वाचक, हिंगोली

२ जीबी ५६००जी प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकनं राखून ठेवलीय. त्याला स्वतःची मेमरी नसते. म्हणूनच ५६००जीला दोन स्टिका सगळ्यात जास्त मानवतात.

उन्हाळ्यात कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. लाइट गेली की घरात इन्व्हर्टर असूनही पीसी रीस्टार्ट होतो. मेकॅनिक म्हणतो रॅम बदला. – एक वाचक, गंगाखेड

रॅमला हात लावू नका, आधी अर्थिंग बघा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ मिळाली नाही की पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगतात. करंट अगदी कमी, पण बोटाला जाणवतोच. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवती पकड सुटते आणि पावसाळ्यात नीट असलेली अर्थिंग निकामी होते.

वायरमनकडून मल्टिमीटरनं सॉकेट तपासून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जास्त असेल तर खड्ड्यात पाणी, मीठ-कोळसा. काही घरांत तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागं वायरच नसते. झटका जोराचा बसत असेल तर मात्र कुठंतरी फेज उतरलीय. पीसी बंदच ठेवा.

रीस्टार्टचं कारण वेगळं आहे. लाइट गेल्यावर चांगला एसएमपीएस सुमारे १६ मिलीसेकंद तग धरतो आणि साध्या मोडवरच्या इन्व्हर्टरला बदली करायला त्याहून जास्त वेळ लागतो. मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर करा. तरी होत असेल तर कॅबिनेटबरोबर ‘५०० वॅट’ म्हणून फुकट आलेला एसएमपीएस संशयित. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा: १५ अँपिअर म्हणजे १८० वॅट, मग वर काहीही छापलेलं असो. चांगल्या ४५०च्या डब्याला तिथं ३५च्या आसपास असतात. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट घेतं, ५६०० भरात ७६पर्यंत जातो; १८०त हे बसत नाही. हा डबा जळताना बोर्डही घेऊन जातो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो. या जुळणीला पुरतो, पण गेम सेव्ह करून बंद करण्यापुरताच.

सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरहून रॅम आणावी का? ऑनलाइन १६ जीबीची ‘सर्व्हर रॅम’ निम्म्या भावात दिसते, ती चालेल? – एक वाचक, देगलूर

सर्व्हर रॅम नको. ‘आरईजी ईसीसी’ लिहिलेली डीडीआर४ स्लॉटमध्ये बसते, पण साध्या बोर्डावर पीसी सुरूच होत नाही. सिकंदराबादला जा, पण एका रॅमसाठी नको; सगळी जुळणी एकदम घ्यायची असेल तर गाडीभाडं वसूल होतं. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर हवाच. वॉरंटीसाठी माल नांदेड किंवा संभाजीनगरला देता येईल का, की परत तिकडंच न्यावा लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा.

जुनी स्टिक घेताना सोनेरी पट्ट्या उजेडात धरून बघा. काळपट असतील तर खोडरबरनं हलक्या हातानं पुसल्या की बहुतेक वेळा चालतात. जळाल्याचा डाग दिसला तर परत द्या.

मे महिन्यात कॅबिनेट कूलरसमोर ठेवलं तर? – एक वाचक, बीड

समोर नको. ओल्या हवेचं इतकं काही नाही, पण कूलर पाण्याचे बारीक थेंबही फेकतो आणि बोअरच्या क्षाराचा पांढरा थर बोर्डावर, स्लॉटमध्ये बसतो. कूलर खोलीत असू द्या, कॅबिनेट त्याच्या झोतातून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढं. पंख्यांमधली धूळ पंधरा दिवसांतून एकदा ब्रशनं काढा. पंखा बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका.