बोरघाटातल्या १९६० च्या रेल्वेच्या छोट्या मॉडेलवर डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल आणि डब्ल्यूएपी-४ हे विजेचं इंजिन चालेल का?

नाही, दोन्ही चुकीची ठरतील. डब्ल्यूडीएम-२ भारतात आलं १९६२ मध्ये. डब्ल्यूएपी-४ तर १९९० च्या दशकातलं, शिवाय ते २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट) एसी विजेवर चालतं आणि मुंबई-पुणे मार्गावर तेव्हा १५०० व्होल्ट डीसी वीजपुरवठा होता. प्रवासी गाडीला डब्ल्यूसीएम-१ हे डीसीवर चालणारं इंजिन घ्या, मालगाडीला डब्ल्यूसीजी-१, म्हणजे आपली ‘क्रोकोडाइल’. डब्यांवर ‘मध्य रेल्वे’च हवं, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) नको, १९५१ मध्येच ती मध्य रेल्वेत विलीन झाली. तिसरा वर्गही दाखवाच, तो १९७४ पर्यंत होता आणि त्याशिवाय त्या काळची गाडी खरी वाटतच नाही. जुने डबे मात्र बिनधास्त जोडा: रेल्वे ते वर्षानुवर्षं वापरते. निवडलेल्या सालानंतरचं तेवढं टाळा.